समोरच्या दारातले सर आणि एकतीस आकृत्या

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या सरांइतका निरुपयोगी सल्ला देणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल, आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारापुढे चपलांचा जेवढा ढीग पडायचा तेवढा दुसऱ्या कुणाच्या दारापुढे पडलेला मी पाहिला नाही. हे मी रागाने लिहितोय असं कुणाला वाटलं तर बरोबरच वाटतंय. माझा या माणसावर राग आहे. राग जुना झाला, आता तो वर काढायचाही कंटाळा येतो, पण आहे. मी साताऱ्याकडून आलेला माणूस. आधी पाठीवर पोती वाहिली, मग वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात स्वतःचा गाळा घेतला. कुणाचं फुकट घेतलं नाही आणि कुणाला फुकट दिलं नाही. हा माणूस मात्र लोकांना फुकट सल्ला वाटायचा. फुकटच्या मालात कुठेतरी खोट असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एकटेच राहायचे; बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरात भिंतीला पुस्तकं, गॅलरीत बरण्या, आणि बरण्यांत काय काय ते विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ते सांगायचे. बारावीचा निकाल लागला की ऐरोली, दिघा, बेलापूर, कुठून कुठून आईबाप आपापल्या पोरांना घेऊन त्यांच्याकडे यायचे. बायोलॉजी घेऊन पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न. सर पोराची मार्कशीट हातात घ्यायचे, तिचा पंख्यासारखा वारा घ्यायचे आणि न बघता परत द्यायचे. मग पोरासमोर ताटलीत काहीतरी ठेवायचे. कधी चिंचेची शेंग, कधी मेलेला नाकतोडा, कधी नुसतं पिंपळाचं पान. "अर्धा तास बघ. मग काय दिसलं ते सांग. काय माहीत आहे ते सांगू नकोस, ते मलाही माहीत आहे." पोरगं दोन मिनिटांत मान वर करायचं. "झालं सर." सर घड्याळाकडे बघून म्हणायचे, "अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत." तोवर बापाला चहा. बेलापूरच्या सरकारी कचेरीतला एक हेडक्लार्क एकदा असाच चहाचा कप घेऊन तिष्ठत बसला होता. न राहवून म्हणाला, "सर, पण बायोलॉजीला स्कोप काय?" सरांनी विचारलं, "शिकणार कोण?" तो म्हणाला, "हा काय, मुलगा." "मग त्याला विचारू द्या ना. त्याचं तोंड कुठे दुखतंय?" दिघ्याहून एक बाई आली होती, नवरा कारखान्यात. ती म्हणाली, "सर, ह्याला कुठल्यातरी लाईनीला लावा." सर अगदी हात जोडून म्हणाले, "बाई, ते मला खरंच जमत नाही." बाई पुन्हा आली नाही. पोरगं मात्र दर रविवारी येत राहिलं.

आता एवढं सगळं ऐकून माणूस वेडा आहे म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. अधूनमधून ते असं काही बोलायचे की मी दाराआडून कान द्यायचो. मेडिकल हुकलेल्या पोरांना म्हणायचे, "त्याचं दहा दिवस सुतक पाळ. भरपूर रड. अकराव्या दिवशी आंघोळ करून माझ्याकडे ये. सुतकी चेहऱ्याने तीन वर्षं बी.एस्सी. करू नकोस, बेडकांनाही वाईट वाटतं." म्हणायचे, "रसायनाला घाबरून बायोलॉजीत येऊ नका, ते इथेही दबा धरून बसलेलं आहे." म्हणायचे, "गाईड घेऊ नका. इंग्रजी मोठं पुस्तक रोज दहा ओळी वाचा, डिक्शनरी मांडीवर घ्या. वर्षाने बघा." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "लेक्चर बुडवलं तर चालेल, प्रॅक्टिकल बुडवाल तर मी तुम्हाला ओळखणार नाही." खरोखरच ओळखायचे नाहीत. असाच एक विद्यार्थी रस्त्यात त्यांच्या पाया पडला, तर सर पाय मागे घेऊन म्हणाले, "कोण आपण?"

माझ्याशी त्यांची ओळख झाली ती बटाट्यांमुळे, आणि तिथेच माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. गाळ्यावर हॉटेलवाल्यांची गर्दी, मी एकाशी भावावरून हमरीतुमरीवर आलेलो, मालाची तारीफ करतोय, आणि मागून हा माणूस टाकून दिलेल्या ढिगातला एक बटाटा हातात धरून ओरडतो, "वा! काय सुंदर बुरशी आहे हो तुमच्याकडे!" हॉटेलवाल्याने उचललेलं पोतं खाली ठेवलं. मी सरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की सडका माल मी फेकून देतो, न्या तुम्ही. ते म्हणाले, "नाही नाही, भाव सांगा." मी चिडून चांगल्या मालाच्या दीडपट भाव सांगितला. त्यांनी दिला. घासाघीस नाही, काही नाही. पिशवी घेऊन, आभार मानून गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्याच्याशी भाव करता येत नाही, त्या माणसाशी वागायचं कसं?

मग आमच्या मनीषाची बारावी झाली. पोरगी हुशार, पण मेडिकलला थोडक्यासाठी राहिली. मी काही सुतक पाळणारा नाही. कर्नाटकातल्या एका कॉलेजची सीट देणारा दलाल गाठला, तीन बैठका केल्या, त्याला घाम फोडून रक्कम खाली आणली. पोरीला डॉक्टर करायचं, घराच्या दारावर पाटी लावायची, एवढं एकच माझ्या मनात होतं. चौथ्या बैठकीच्या दिवशी मनी समोरच्या दारात गेली. सरांनी तिच्यापुढे सुका बोंबील ठेवला. अर्धा तास झाला, तास झाला, तिची आई दोनदा दारात जाऊन आली. शेवटी घरी येऊन ती म्हणाली, "आप्पा, मला बी.एस्सी. करायचंय. झूलॉजी."

मी म्हटलं, "असं काय दिसलं गं तुला त्या बोंबलात?"

ती म्हणाली, "अजून सगळं नाही दिसलं."

मी दोन दिवस बोललो नाही. मनीची आई म्हणाली, "आवं, पोर हसतीया तरी. गेला महिनाभर त्वांड पाडून बसलीवती." दलालाला मी नाही म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा खाली आणलेल्या भावात माल घेतला नाही.

दोन वर्षं बरी गेली. मनी सरांच्याच कॉलेजात. तिसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दहा दिवस राहिले असताना, ती संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता आत. प्रकार असा होता. या पोरांना वर्षभर एक वही करावी लागते, जर्नल म्हणतात तिला. समोर प्राणी ठेवून, चिरून, जे दिसतं त्याच्या आकृत्या पेन्सिलने काढायच्या. वर्षाच्या शेवटी सरांची सही हवी. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं. आता प्रत्येक वेळी एवढे मासे चिरून बघायला वेळ कुणाला असतो? पुढच्या वर्गातल्या पोरांच्या वह्या खालच्या वर्गातली पोरं घेतात आणि उतरवतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. तर पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी वहीत मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या आकृतीवर, हृदयाच्या अगदी शेजारी, चहाचा थेंब पडला होता. पुढच्याने तो वाळलेला गोल डागही उतरवला. त्याच्या पुढच्याने त्याला बारीक ठिपके दिले. मग कुणीतरी हुशार निघाला, त्याने रेघ ओढून नाव दिलं, 'ग्रंथी'. आणि ती ग्रंथी वर्षानुवर्षं प्रत्येक वहीत वाढत गेली. बाकीच्यांच्या आकृत्या एवढ्या गचाळ की डाग कुठला आणि अवयव कुठला ते देवाला कळू नये. आमच्या मनीचा हात स्वच्छ. तिच्या वहीत ती ग्रंथी अशी ठसठशीत उठून आली, की सरांचं पेन सहीवर टेकता टेकता थांबलं.

मी तसाच समोर गेलो. सर वही मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काय करायचं ते बोला. किती आकृत्या परत काढायच्या?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"एकतीस. एक खोटी निघाली, तर बाकीच्या खऱ्या कशावरून?"

"पाच काढेल."

"शेठ, हे कांदे नाहीत."

"दहा. हा माझा शेवटचा शब्द."

"एकतीस," सर म्हणाले. तेही आवाज न चढवता. समोरचा आवाज चढवत नसेल तर माझा दुप्पट चढतो. मी म्हटलं, "अख्ख्या वर्गाने तेच काढलंय. चांगलं काढलं म्हणून माझी पोरगी सापडली. म्हणजे चांगलं काढणं हा गुन्हा?"

सरांनी विचार केला. खरंच केला, चांगला मिनिटभर. मग म्हणाले, "हो, तसं झालंय खरं. पण शेठ, ही ग्रंथी कुठल्याच माशात नाही. फक्त आमच्या कॉलेजात आहे. आणि आठ वर्षं तिच्यावर मी सही करतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाच्या वह्या परत मागवल्या. पोरं तडक विभागप्रमुखांकडे गेली आणि तासाभरात सह्या घेऊन आली. मीही ओळखीने शब्द टाकला, मनीच्या वहीचीही सोय झाली. घरी येऊन सांगितलं, उद्या जा आणि सही घे. ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "वर्ष जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. आप्पा, ती ग्रंथी नाहीये तिथे, आणि मी 'आहे' म्हणून लिहिलंय." असली पोरगी. माझ्याच घरात, माझंच खाऊन.

मग काय करतो? पुढचे आठ दिवस गाळा मेहुण्यावर टाकून पहाटे तिला स्कूटरवर मागे बसवून दिवाळ्याच्या कोळीवाड्यात नेली. होड्या लागल्या की मुशी शोधायची. मासळीवाल्या बाईला मी सांगितलं, "मावशी, मुशी पायजे. डोकं शाबूत, पोट न फोडता."

"मंग खानार कशी? का सोकेसात ठेवनार?"

"बघायची आहे."

"बघाची?" तिने शेजारणीला हाक मारली. "गो, ऐकलास काय? यांना मावरा बघाला पायजे. बघाचे पयसे येगले हान हां शेठ!" मी भाव पाडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मनी पाटीशी खाली बसली आणि तिने माशाचे कल्ले बोटाने उघडून बघितले. मावशी तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पोरीला कलते. ने गो बाय." आणि भाव आपणहून खाली आणला. मला बाजूला उभं करून माझ्यादेखत झालेला तो पहिलाच सौदा.

घरी आमच्या गॅलरीत ट्रे मांडला. वासाने सोसायटी हैराण. सेक्रेटरीने फळ्यावर नोटीस लिहिली. सरांनी ती वाचली आणि खडूने त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या. सर रोज कॉलेजातून सुटले की पाटावर येऊन बसायचे. हात लावायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "परत बघ." दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांच्याही मांडीवर कोरी वही. मी विचारलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "मलाही एकतीस आहेत." दोघं शेजारी बसून काढत होती, टोक करून करून पेन्सिली संपत होत्या, आमची मंडळी नाकाला पदर लावून त्यांना चहा देत होती. सातव्या दिवशी मनी म्हणाली, "सर, डावीकडची ही रक्तवाहिनी पुस्तकात अशी नाहीये." सरांनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नाहीये. माशाने पुस्तक वाचलेलं नसतं. दिसते तशी काढ." परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या एकतीस झाल्या. सरांच्या सव्वीसच. त्यांनी आधी तिच्या वहीवर सही केली, मग स्वतःची वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बघून घे."

इथे ही हकिकत संपली असती तर मी आज सरांचा फोटो दिवाणखान्यात लावला असता. परीक्षेत मनीने मुशी चिरली, जे दिसलं ते काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षकाने पुस्तकाशी ताडून बघितलं आणि चूक म्हणून खूण केली. मनी म्हणाली, "सर, ट्रेमध्ये बघा ना." तो म्हणाला, "मला शिकवतेस?" पुढे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण तोंड कुणाचं आहे ते मला माहीत आहे. फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला. एम.एस्सी.ची यादी लागली, त्यात नाव नाही.

मी समोरच्या दारावर थाप मारली. जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, तुमच्या खऱ्या माशाने माझ्या पोरीचा फर्स्ट क्लास खाल्ला. तुमचं काय गेलं? सर उभे होते. म्हणाले, "खरं आहे. वहीत दिसतं ते काढ आणि परीक्षेत पुस्तकातलं काढ, हे तिला सांगायला हवं होतं. सगळे सांगतात." मग म्हणाले, "विसरलो नाही, शेठ. सांगवलं नाही." भांडणात समोरच्याने कबूल केलं की पुढे करायचं काय, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी परत आलो.

त्यानंतर वर्षभर सरांनी पत्रं लिहिली. जिथे म्हणून माशांशी संबंध आहे तिथे, स्वतःच्या हाताने, दोन दोन पानं. बऱ्याच ठिकाणांहून उत्तर आलं नाही. शेवटी रत्नागिरीकडच्या एका मत्स्यसंशोधनाच्या केंद्रात मदतनिसाची जागा निघाली. काम काय, तर बंदरावर उभं राहून आलेले मासे मोजायचे, चिरायचे, काढायचे. मनी नाचतच घरी आली. मी म्हटलं, "बी.एस्सी. करून बंदरावर मासे मोजणार? जायचंच असेल तर जा. मला पत्र लिहू नकोस." रागात माणूस बोलतो. दुसरी कुणी असती तर दोन दिवसांनी विसरली असती. ही माझी मुलगी. तिने लिहिलं नाही.

महिन्यातून एकदा आईला पोस्टकार्ड यायचं. 'मी बरी आहे. काळजी नसावी.' बस. आणि समोरच्या दारात मात्र जाडजूड पाकीट. पोस्टमन चुकून आमच्याकडे द्यायचा तेव्हा ते हातात धरून मी वजन करायचो. पहिलं पाकीट आलं त्या रविवारी सर आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मनीषाचं पत्र आहे. बरंचसं माशांचं आहे, इंग्रजीत आहे, ते सोडून देतो. तुमच्यापुरतं वाचतो." आणि वाचायचे. 'आईच्या हातच्या भाकरीची आठवण येते. इथली खानावळवाली भाकरी थापत नाही, हापटते.' 'आप्पांनी गुडघ्याला तेल लावलं का ते बघा.' 'बंदरावर लिलाव चालतो तेव्हा आप्पांसारखा आवाज इथे कुणाचाच नाही.' आमची मंडळी डोळ्याला पदर लावायची. मी खिडकीबाहेर बघायचो. असे सहा-सात रविवार गेले. मी मुद्दाम घरी थांबतोय असं कुणाला वाटू नये म्हणून हातात वर्तमानपत्र धरायचो.

एका रविवारी सर वाचता वाचता थांबले, कारण त्यांच्या दारात गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा होता. ते उठून गेले. पत्र खुर्चीवर राहिलं. मंडळी आत चहा टाकत होती. मी उचललं. मनीचं अक्षर, उभं, स्वच्छ. चार पानं. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीला लागलं ते एवढंच: बांगडा माशांची लांबी, वजनं, जाळ्याची भोकं केवढी असावीत, अंड्यांचा रंग, मध्ये एका माशाची ठिपक्या-ठिपक्यांची आकृती. मराठी कुठे ते शोधत मी शेवटच्या पानावर आलो. तिथे एक ओळ होती. 'घरी सांगण्यासारखं काही नाही.'

मी पत्र होतं तसं ठेवलं. सर परत आले, बसले, चष्मा चढवला आणि पान वर-खाली करत म्हणाले, "कुठे होतो आपण?"

मी म्हटलं, "माझ्या खोकल्याचं विचारलंय, सर. तिथे होतात."

"हो, हो." त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि पुढे वाचलं. त्या दिवशी त्यांनी बरंच वाचलं. मनीची आई चहा घेऊन दारातच उभी राहून ऐकत होती. मी आयुष्यात कुणाची थाप खपवून घेतलेली नाही. पण मध्ये बोललो नाही, वर्तमानपत्रही धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आंतर्देशीय पत्र काढलं. 'चि. मनीषा' लिहिलं. त्याखाली 'अनेक आशीर्वाद'. मग दोन गाड्या माल उतरला, तरी तिसरी ओळ काही येईना. संध्याकाळी तो कागद घेऊन समोरच्या दारात गेलो. सर एकटेच होते. मी म्हटलं, "सर, जरा मार्गदर्शन पाहिजे होतं. पोरीला पत्र कसं लिहितात?"

त्यांनी कागद बघितला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवत म्हणाले, "मलाही ते नीट येत नाही, शेठ. पण बसा."